‘आम्ही’ आणि ‘आपण’

इंग्रजी शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास मराठीचा मोठेपणा भलत्याच ठिकाणी अवचित दिसतो. सर्वनामे हे त्यांपैकी एक ठिकाण होय. इंग्रजाचे ‘वुई’ हे एकच सर्वनाम दोन अगदी निरनिराळ्या कामांवर राबते. मराठीने मात्र त्या दोन कामांसाठी दोन शब्द नेमले आहेत. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ ह्या दोन वाक्यांतील अंतर मराठी घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही कळते. पहिले वाक्य कानी पडताच पाहुणा चपला शोधू लागतो. दुसरे ऐकून तो हात धुवावयास उठतो. आमच्या शेजारच्या गुजरातीत हा भेद आहे, दूरच्या तमिळातही आहे. हिंदीचे ‘हम’ तेवढे ह्या बाबतीत इंग्रजाच्या पंक्तीला बसते. निबंधकारांच्या जुन्या रिवाजास अनुसरून आम्हीही ह्या लेखात स्वतःस ‘आम्ही’च म्हणवीत आहोत, परंतु लेखाचा विषय मात्र ‘आपण’ हा आहे.

हा विषय आम्हांस व्याकरणाच्या पुस्तकाने दिला नाही. सातिवलीच्या एका विद्यार्थ्याने दिला. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी वसईचा थोडा भूगोल सांगणे प्राप्त आहे, कारण ह्या हकीकतीत निम्मे काम भूगोलानेच केले आहे.

वसईरोडच्या स्थानकाने ह्या मुलखाचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेस समुद्राच्या बाजूने जुनी वसई पसरली आहे. केळीच्या बागा, बावखले, आळ्या आणि त्या आळ्यांमधून डोके वर काढणारी चर्चची शिखरे, असा तिचा थाट. 1534 साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि 1739 साली चिमाजीअप्पांनी तो घेतला. मधल्या दोनशे वर्षांत येथे जो ख्रिस्ती समाज घडला, तो राज्य बदलल्यावरही येथेच, त्याच मातीत, मराठी बोलत राहिला. 1998 साली वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. स्थानकाच्या पूर्वेस मात्र दुसरेच जग आहे. अहमदाबादच्या महामार्गाकडे जाऊ लागले की सातिवली, गोखिवरे, वालीव अशी गावे लागतात. तुंगारेश्वराचे डोंगर समोर दिसत असतात, परंतु दृष्टीत प्रथम भरतात ते पत्र्याचे गाळे. कुठे प्लास्टिकच्या डब्या होतात, कुठे पुठ्ठ्याची खोकी, कुठे विजेच्या पेट्या. आणि त्या गाळ्यांच्या मागेपुढे चाळींच्या रांगा आहेत. 2009 साली महानगरपालिका झाली, 2014 साली पालघर हा निराळा जिल्हा झाला. पण रुळांच्या दोन बाजू कागदावर एक झाल्या म्हणून मनानेही एक होतात असे नाही.

आम्ही स्वतः घाटावरचे. नोकरीनिमित्त वसईस आलो त्यास आता अठ्ठावीस वर्षे झाली, तरी भाजीवाल्या मावशी अजून विचारतात, ‘‘सर, तुम्ही मूळचे कुठले?’’ प्रश्न प्रेमाचा असतो हे आम्ही जाणतो. तरीही प्रेमाने विचारलेला प्रश्नसुद्धा माणसाला अंगणात उभा करू शकतो, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हे. परंतु आमच्या वर्गातील निम्मीअधिक मुले ख्रिस्ती घरांतील असतात, आणि त्यांची सुखदुःखे ऐकता ऐकता चर्चच्या तरुण मंडळांविषयी आम्हांस बरीच माहिती झाली आहे.

तर तो विद्यार्थी. त्याचे वडील दूरच्या प्रांतातून पोट भरावयास आले आणि सातिवलीच्या एका गाळ्यात यंत्रावर उभे राहू लागले. मुलगा येथेच वाढला, मराठी शाळेत शिकला, आणि दुपारी महाविद्यालय व रात्री गाळा असा त्याचा क्रम होता. घर श्रद्धाळू. एका चर्चच्या तरुण मंडळात तो सुमारे वर्षभर नेमाने जात असे, आणि मग जाईनासा झाला. तोंडी परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात बसला असताना आम्ही सहज विचारले, ‘‘का रे, तिथे कुणी काही बोलले का तुला?’’ तो म्हणाला, ‘‘नाही सर. सगळे फार चांगले बोलतात. गेलो की हात मिळवतात, चहा देतात. पण सर, मला कुणी काम सांगत नाही.’’

तक्रारीचा सूर त्यात मुळीच नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. त्याने पुढे जे सांगितले ते असे. नाताळचा गोठा बांधण्याची वेळ आली की आळीतली मुले रात्ररात्र जागून बांबू बांधीत, गवत आणीत, दिव्यांच्या माळा लावीत, आपापसांत भांडत आणि पुन्हा हसत. ह्याला मात्र खुर्ची मिळे. विजेच्या पेट्या जोडणे हा ज्याचा रात्रीचा धंदा, तो खुर्चीवर बसून दुसऱ्यांनी लावलेल्या माळा पाही. एका शनिवारी तो गेला नाही. पुढच्या शनिवारीही गेला नाही. कुणी विचारावयास आले नाही. महिनाभराने एकाने रस्त्यात गाठून मोठ्या आपुलकीने म्हटले, ‘‘येत जा रे आमच्याकडे.’’ त्या ‘आमच्याकडे’त सारे आले.

आम्ही त्या मंडळास दोष देत नाही. तेथील मुले सद्हेतूची होती. त्यांनी स्वागतात काही उणे पडू दिले नाही. उणे राहिले ते स्वागताच्या पलीकडचे. स्वागत हे पाहुण्याचे होते; घरच्या माणसाचे कुणी स्वागत करीत नाही. मराठी घरात पाहुण्याला पाट मिळतो, पहिली वाढणी मिळते. आणि घरच्याला ‘‘जरा पाणी भर रे,’’ असे ऐकावे लागते. एखादा पाहुणा चार दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी घरच्या बाईने त्याला लसूण सोलावयास दिला, तर समजावे की तो आता घरचा झाला. आपलेपणाचा मार्ग सत्कारातून जात नाही, तो कामातून जातो. ज्याच्यावाचून काही अडते, त्यालाच ‘हे माझे आहे’ असे वाटू लागते. ज्याच्यावाचून काहीच अडत नाही, त्याला कितीही चहा पाजला तरी तो शेवटी आभार मानून घरी जाणार.

ही गोष्ट केवळ ख्रिस्ती मंडळांची आहे असे वाचकांनी समजू नये. गणेशोत्सवात मांडवातली मुले कशी बांधली जातात ते पाहा. वर्गणीची पावती फाडणे, मूर्तीसाठी पाट आणणे, रात्री मांडवात निजणे, ह्या क्षुल्लक कामांनी जो जिव्हाळा निर्माण होतो, तो दहा व्याख्यानांनी होत नाही. वारीच्या दिंडीतही असेच आहे. तेथे नव्या वारकऱ्याला कुणी व्यासपीठावर बोलावून हार घालीत नाही. त्याच्या हाती टाळ देतात, ओळीत जागा देतात आणि ‘माउली’ म्हणतात. ‘माउली’ हे संबोधन सर्वांना सारखेच असल्यामुळे कोण जुना आणि कोण नवा हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि तरीही हे विसरून चालणार नाही की, त्याच पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य गणलेल्या बांधवांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणास बसावे लागले. ओळीत ‘माउली’ म्हणणे आणि गाभाऱ्यापर्यंत बरोबर नेणे ह्यांत शतकांचे अंतर पडू शकते.

वसईला तर ह्या प्रश्नाचा धडा दूर शोधण्याचे कारण नाही. तो तिच्याच एका पुत्राच्या चरित्रात आहे. संत गोन्सालो गार्सिया हे सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई येथील. म्हणजे ‘तू कुणाच्यातला?’ हा प्रश्न त्यांच्या जन्माबरोबरच जन्मास आला असावा. कोवळ्या वयात ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथली भाषा त्यांनी आत्मसात केली, आणि धर्मशिक्षकाचे काम कित्येक वर्षे केले. संघात आपल्याला प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आशा होती. ती पुरी झाली नाही. पुढे ते व्यापारात पडले, मनिलाला गेले, आणि तेथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना साधे बंधू म्हणून आपल्यांत घेतले. ज्या जपानी भाषेचा पूर्वी उपयोग झाला होता, तिच्याच बळावर ते दुभाषे होऊन पुन्हा जपानात आले. आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेले. 1862 साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. आज वसईत त्यांच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे, त्यांचा सण आहे. ज्या तरुणाला एका दारात वाट पाहावी लागली आणि दुसऱ्या दाराने आत घेतले, त्याच्या नावाने उत्सव करणाऱ्या गावाने दारात थांबलेल्या मुलांकडे अधिक बारकाईने पाहावे, अशी अपेक्षा आम्ही केली तर ती अवास्तव होणार नाही.

दुसरे उदाहरण सातिवलीच्या गाळ्यांना अधिक जवळचे आहे, जरी ते बेल्जमचे असले तरी. जोझेफ कार्डाइन हा कष्टकरी घरातला मुलगा 1882 साली जन्मला आणि धर्मगुरू होण्यासाठी शिकावयास गेला. सुट्टीत घरी परतला तो काय पाहतो, की शाळेतले त्याचे सोबती कारखान्यांत गेले आहेत आणि चर्चपासून दुरावले आहेत; इतकेच नव्हे तर ते ह्याच्याकडेही परक्यासारखे पाहू लागले आहेत. त्या दुराव्याची जखम त्याने जन्मभर वागविली. 1925 साली त्याने तरुण ख्रिस्ती कामगारांची जी चळवळ उभारली, तिचे सूत्र असे होते की कामगार तरुणांमध्ये काम कामगार तरुणांनीच करावयाचे. आपली स्थिती त्यांनी पाहावी, तिचा विचार त्यांनी करावा, आणि कृतीही त्यांनीच करावी. धर्मगुरूने सोबत असावे. पुढे उभे राहू नये. त्याच्याही आधी, 1844 साली, लंडनच्या एका कापडाच्या दुकानातील जॉर्ज विल्यम्स नावाच्या बावीस वर्षांच्या नोकराने आपल्या बरोबरीच्या दहाबारा पोरांना जमवून जी संस्था काढली, ती आज वाय. एम. सी. ए. ह्या नावाने जगभर आहे. खेड्यातून शहरात आलेली आणि दुकानाच्या माडीवर निजणारी पोरे होती ती. सातिवलीत गाळ्याच्या पोटमाळ्यावर निजणाऱ्या पोरांहून त्यांची अवस्था फार निराळी नव्हती. ह्या दोन्ही ठिकाणी परक्या मुलांना कुणी आत घेतले नाही. त्यांच्या हाती घरच दिले गेले, किंवा त्यांनी ते स्वतः बांधले.

रोमलाही ही गोष्ट आता मान्य झाली आहे. 2018 च्या ऑक्टोबरात तेथे बिशपांची जी धर्मसभा भरली, तिचा विषयच तरुण हा होता. तिच्यानंतर पोप फ्रान्सिस ह्यांनी 2019 च्या मार्चमध्ये ज्या पत्रावर सही केली, त्यात तरुणांमधील कार्याचे कर्ते तरुणच असले पाहिजेत, आणि मुळे तुटलेल्या पोरांना चर्चमध्ये घर मिळाले पाहिजे, असा विचार स्पष्टपणे मांडला आहे. 2023 साली लिस्बनच्या जागतिक युवादिनी तर त्या वृद्ध गृहस्थाने लाखो तरुणांकडून ‘सर्वांसाठी’ हा एकच शब्द पुनःपुन्हा म्हणवून घेतला. 2025 च्या एप्रिलमध्ये ते वारले. शब्द राहिला आहे. परंतु लिस्बनच्या मैदानावर ‘सर्वांसाठी’ म्हणणे एका परीने सोपे आहे. तेथे सारेच परके असतात. कठीण आहे ते शनिवारी संध्याकाळी पंचवीस मुलांच्या खोलीत म्हणणे, जेथे वीसजण एकाच आळीत खेळून मोठे झाले आहेत.

येथे जुन्या रहिवाशांची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. आमचे एक वृद्ध स्नेही कुपारी समाजातले आहेत. त्यांच्यापाशी हा विषय काढला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘सर, आमची पोरे घरी आमच्या बोलीत बोलेनाशी झाली. निदान मंडळात तरी ती चार शब्द बोलतात. तिथेही सगळ्यांसाठी म्हणून निराळे बोलू लागली, तर ती बोलायची कुठे?’’ ह्या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. सामवेदी बोली, जिला कादोडी असेही म्हणतात, ती येथे सामवेदी ब्राह्मणांच्या घरी आणि कुपारी ख्रिस्ती घरी अशी दोहोंकडे बोलली जाते. धर्म दोन झाले तरी जिने माणसे तुटू दिली नाहीत, अशी ही बोली आहे. तिचा लोप व्हावा असे कोण म्हणेल? जमिनी गेल्या, बावखले बुजली, बागांच्या जागी इमारती उठल्या. ज्याचे इतके गेले, तो उरलेल्या चार भिंती घट्ट धरून बसला तर त्यास कोत्या मनाचा म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही.

तरीही आम्ही त्या स्नेह्यांस दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की, 1963 च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या महासभेने लोकभाषांना उपासनेचे दार उघडले, तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. तेव्हा मराठी येऊन काही बुडाले नाही. उलट जे आजवर ऐकू येत होते ते कळू लागले. भाषा जगते ती कुंपणाने नव्हे, ऐकणारे वाढल्याने. त्या सातिवलीच्या मुलाला कादोडीतली गाणी शिकविली असती, तर तो ती शिकला असता. त्याला मराठी शिकण्यास कुणी सांगितले नव्हते, तरी तो शिकला होताच. दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. त्यांचा नातू दोन वर्षांपूर्वी कॅनडास गेला आहे. तेथल्या एका चर्चमध्ये तो दर रविवारी जातो आणि मागच्या बाकावर बसून परत येतो, असे त्यांनीच आम्हांस पूर्वी सांगितले होते. आम्ही इतकेच विचारले, ‘‘काका, तिथे त्याला कुणी काम सांगत असेल का हो?’’ त्यांनी उत्तर दिले नाही. चहा मात्र दुसऱ्यांदा मागविला.

मग करावयाचे तरी काय, असे कुणी विचारील. आमच्या मते करावयाच्या गोष्टी अगदी लहान आहेत आणि म्हणूनच त्या राहून जातात. नव्या मुलाला ‘कुठल्या आळीतला?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये. नाव विचारावे आणि ते पुढच्या वेळेपर्यंत लक्षात ठेवावे. सभेची वेळ ठरविताना ज्याची सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी असते, त्याचाही विचार व्हावा. सहलीची वर्गणी अशी असावी की ती देता न आल्याने कुणाला ‘त्या दिवशी पाव्हणे येणार आहेत’ अशी सबब सांगावी लागू नये. जुन्या गमती सांगून हसताना एखादा मुलगा न समजून नुसताच हसत आहे काय, इकडे कुणाचे तरी लक्ष असावे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच त्याच्या हाती काहीतरी द्यावे: कपाटाची किल्ली, हजेरीची वही, दिव्यांच्या माळा. ते काम त्याच्याकडून थोडे बिघडले तर बिघडू द्यावे. घरच्या मुलाच्या हातूनही कप फुटतातच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो आला नाही तर कुणीतरी त्याच्या दाराशी जावे. रुळ ओलांडून, गाळ्यांच्या बोळातून, चाळीच्या तिसऱ्या खोलीपर्यंत जावे. ‘‘तू आला नाहीस म्हणून आपले गाणे बसले नाही,’’ एवढे एक वाक्य तेथे बोलले गेले, तर त्यापुढे फुलांच्या शंभर गुच्छांचे स्वागत फिके पडेल. मात्र ते वाक्य खरे असले पाहिजे, म्हणजे गाण्यात त्याची जागा आधी असली पाहिजे.

तो विद्यार्थी पदवीधर होऊन गेला. आता तो दिवसपाळीला लागला आहे. मंडळात तो परत गेला नाही. परंतु त्याच्या चाळीत पाचसहा कुटुंबे आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी खोलीत प्रार्थनेस जमतात, तेथे तो असतो. त्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना मराठी वाचन जमत नाही आणि लहान मुले अडखळतात. म्हणून बायबलचा उतारा वाचावयाचे काम त्याच्याकडे आले आहे. एकदा ताप होता म्हणून तो गेला नाही, तर दोन म्हाताऱ्या बाया पेज घेऊन त्याच्या खोलीवर आल्या आणि वाचन पुढे ढकलले गेले. हे त्याने आम्हांस सांगितले तेव्हा त्याच्या बोलण्यात ‘आपल्या प्रार्थनेला’ असा शब्द आला; तो त्याने मुद्दाम योजला नव्हता.

त्याचे बरे झाले, ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ज्या मंडळाला त्याच्या हातांची, गळ्याची आणि रात्रपाळीत मिळविलेल्या शहाणपणाची गरज होती, त्याचे काय? आपण एक मुलगा गमावला हे त्यास ठाऊकही नाही. वसईच्या मंडळांत, आमच्या वाचनालयांत, तुमच्या मांडवांत अशी एखादी खुर्ची ह्या आठवड्यात रिकामी झाली असेल. ती कुणाची, हे शनिवारच्या आत कुणीतरी विचारावयास हवे.